सांडशीवाल्याचं मनगट

18 सप्टेंबर 2024, सिलतरा

काल विश्वकर्मा पूजा झाली. रोलिंग मिलच्या स्टँडवरच्या झेंडूच्या माळा अजून कुणी काढलेल्या नाहीत. धगीच्या बाजूने त्या करपल्यात, मागून ताज्या आहेत. आज वार्षिक तपासणीला मिलची माणसं आली. डोळे, कान, फुप्फुसं, रक्तदाब. छापील कागदावर मनगटासाठी रकाना नाही. तरी मी प्रत्येकाला पकड मोजायच्या यंत्राची मूठ दाबायला लावते, कारण इथलं पोट मुठीवरच भरतं.

रोलमधून लाल पत्ती सळसळत बाहेर येते. पलीकडे उभा असलेला माणूस तिचं तोंड सांडशीत धरतो, अंगावर येऊ न देता वळवतो आणि पुढच्या खाचेत घालतो. मोठ्या पोलाद कारखान्यांत हे काम यंत्रं करतात. उरला, भनपुरी, सिलतऱ्यातल्या कितीतरी छोट्या मिलमध्ये अजून माणसंच करतात, आणि ती माणसं बहुधा ठेकेदाराची असतात.

एक सांडशीवाला, तिशीचा, उजव्या हाताचा. त्याची उजवी पकड डावीच्या निम्मीही भरली नाही. विचारलं तर म्हणाला, "हाथ पिराथे." दुखतो, एवढंच. अंगठा ताणला की मनगटाच्या कडेला दोन कंडरांमध्ये खळगा पडतो. तिथे बोट टेकवलं आणि त्याने हात ओढून घेतला. कधीपासून? होळीच्या आधी स्केलवर पाय घसरून तळव्यावर पडला होता. गरम लोखंडावरून सुटलेल्या खपल्या जमिनीवर पसरलेल्या असतात आणि त्यावर तेल सांडलेलं असतं. सहा महिने झाले.

फोटो काढायला पाठवलं. चिठ्ठीवर नुसतं "मनगट" न लिहिता "स्कॅफॉइडचे फोटो" असं मोठ्या अक्षरात लिहिलं. मूठ करंगळीकडे झुकवून घेतल्याशिवाय हे हाड नीट दिसत नाही.


20 सप्टेंबर

फोटो आला. हाड कमरेत, म्हणजे त्याच्या मधल्या अरुंद भागात, तुटलेलं आहे. मधली फट रुंद झालेली, दोन्ही कडा पांढऱ्या कडक, आत एक पोकळी. ताजं फ्रॅक्चर असं दिसत नाही. शरीराने जोडायचा प्रयत्न सोडून दिला की असं दिसतं.

पडला तेव्हा तो गावाजवळच्या एका दवाखान्यात गेला होता. तिथेही फोटो निघाला होता. "हड्डी ठीक है, मोच है" असं सांगून क्रेप बँडेज बांधलं. स्कॅफॉइडच्या बाबतीत पहिल्या दिवशी फोटोत काही न दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढला तर रेघ उमटते. पण पुन्हा यायला कुणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं असतं तरी रोजी बुडवून तो गेला असता का, हा वेगळा प्रश्न. पुढे गावातल्या एकाने तेल लावून मालिश केली. बरं वाटलं. मग पुन्हा सांडशी.


3 ऑक्टोबर, रायपूर

नवरात्र बसलं. डोंगरगडला पायी निघालेली माणसं रस्त्याच्या कडेने चाललीत, हातात झेंडे. संध्याकाळी सांडशीवाल्याला घेऊन माझ्या वर्गमित्राकडे गेले. आम्ही दोघं नागपूरच्या मेडिकलचे. तो हाताची हाडं जोडतो आणि मी कारखान्यात कागद जोडते, असं तो चारचौघांत सांगतो. आज चेष्टा केली नाही. सीटीचे काप पडद्यावर फिरवत म्हणाला, "हे हाड फार लबाड आहे गं."

लबाडी कशी ती मी सांडशीवाल्याला माझ्या हिंदीत समजावली. मनगटात आठ छोटी हाडं, दोन ओळींत. हे एक, काजूएवढं आणि काजूसारखंच वळलेलं, दोन्ही ओळींना टेकून उभं असतं, त्यामुळे प्रत्येक झटका त्याच्या कमरेवर येतो. त्याचा जवळपास ऐंशी टक्के पृष्ठभाग कुर्चेने झाकलेला आहे. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाभोवती जी साल असते आणि तुटल्यावर बाहेरून गाठ बांधते, ती इथे जवळजवळ नाही. रक्तही उलट्या वाटेने येतं. वाहिनी बोटांकडच्या टोकाशी, मागच्या बाजूने शिरते आणि कोपराकडे परत जाते. कमरेत तुटलं की कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो. त्यात भर सांध्यातल्या द्रवाची. तो फटीत शिरतो.

सीटीत आणखी एक गोष्ट दिसली. दोन तुकडे पुढच्या बाजूला एकमेकांत खचून हाडाला कुबड आलंय. मनगट मागे वळत नाही ते त्यामुळे. पण आजूबाजूचे सांधे अजून झिजलेले नाहीत आणि एमआरआयमध्ये उपाशी तुकडा मेलेला दिसत नाही. म्हणजे जोडता येण्यासारखं आहे. असंच सोडलं तर पुढच्या काही वर्षांत अंगठ्याकडच्या बाजूपासून संधिवात सुरू होतो, तो पसरतो, आणि मग हाडं काढून टाकणं किंवा मनगटाची हाडं एकमेकांत कायमची गोठवणं एवढेच मार्ग उरतात. त्या हाताने कुणी सांडशी धरणार नाही.

मित्राने विचारलं, बीडी-सिगारेट? "नई साहब, बीडी नई पियंव." मित्र पुढे जाणार एवढ्यात मी विचारलं, "गुडाखू?" "ओ तो सबो झन करथें." तंबाखू नि गुळाचा तो काळा लगदा छत्तीसगडात सकाळी दातांना घासतात, घासणाऱ्यांच्या दृष्टीने ते दंतमंजन असतं, व्यसन नव्हे. धूम्रपानाने हे हाड जुळण्याची शक्यता घटते हे पक्कं ठाऊक आहे, आणि निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, मग ते धुरातून येवो की हिरडीतून. त्याने एका महिन्यासाठी सोडायचं कबूल केलं. मी तीन महिने म्हटलं. त्याने मान हलवली. ती होकारार्थी होती की नुसतीच, कळलं नाही.


9 ऑक्टोबर

दिवसभर कार्यालयात पैशांचं.

अपघाताची नोंद रजिस्टरमध्ये असती तर ही कामावरची इजा ठरली असती. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, अशा माणसाला तात्पुरत्या अपंगत्वासाठी सरासरी रोजच्या मजुरीच्या नव्वद टक्के मिळतात, बरा होईपर्यंत. नोंद नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, पडल्याचं त्याने तेव्हा सांगितलंच नाही. सांडशीवाला म्हणतो, सांगितलं होतं, तर "थोडी मालिश कर" म्हणाले. दोघांच्या बोलण्याला साक्षीदार नाही. नोंदीशिवाय हे साधं आजारपण, म्हणजे सत्तर टक्के आणि वर्षात 91 दिवसच.

पण ईएसआयच्या लांबलेल्या आजारांच्या यादीत 34 आजार आहेत. क्षय, कुष्ठ, कर्करोग यांच्या रांगेतच न जुळलेलं किंवा उशिरा जुळणारं हाडही आहे. त्यात ऐंशी टक्के मिळतात आणि मुदत वाढवता येते. अट सलग दोन वर्षांच्या नोकरीची. मधल्या काळात ठेकेदार बदलला, विमा क्रमांक तोच राहिला. कारकुनाला तो क्रमांक शोधायला दुपार गेली. सापडला. मी चहा पाजला त्याला.

रात्री आडारकरांच्या अहवालाबद्दल वाचत बसले. प्रा. बी. पी. आडारकर हे अर्थशास्त्रज्ञ. कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा त्यांचा अहवाल 1944 चा, कायदा 1948 चा, आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर नि दिल्लीत योजना सुरू झाली. सिलतऱ्यात कुणाला हे नाव माहीत असायचं कारण नाही. पण त्या यादीतली एक ओळ आज एका घराचं रेशन ठरवणार आहे.


27 ऑक्टोबर

सांडशीवाला म्हणाला, धान कापून विकून मग ऑपरेशन. घरच्या लोकांनी तसं ठरवलंय. यंदा सरकारी खरेदी 14 नोव्हेंबरपासून, 3100 रुपये क्विंटलने. टोकन लागलं की पोती वाहायला माणसं हवीत.

मी मित्राला फोन केला. त्याचं म्हणणं, सात महिने उघडं राहिलेलं हाड आणखी चार आठवड्यांनी फारसं बिघडणार नाही. जोर मात्र नको. तेव्हा अट घातली: विळा डाव्या हातातही नको, पोतं तर नाहीच. वहिनी कापेल, तो गाडी हाकेल. नुसत्या "ताबडतोब करा" या सल्ल्याने तो परत आला नसता. मला परत येणारा माणूस हवा आहे, आदर्श रुग्ण नको.


25 नोव्हेंबर

आज ऑपरेशन. मित्राने मला आत उभं राहू दिलं. कारखान्याच्या डॉक्टरला अशी संधी क्वचितच मिळते.

पूर्ण भूल, कारण हाताबरोबर कमरेलाही चीर द्यायची. दंडावर पट्टा फुगवून हाताचं रक्त अडवलं. तळव्याच्या बाजूने मनगटावर चीर, एका बाजूला नाडीची धमनी नि दुसऱ्या बाजूला कंडरा सांभाळून. सांध्याची पिशवी उघडली तेव्हा हाड दिसलं. इतका लहान ऐवज आणि त्यासाठी एवढा गोतावळा. फटीत राखाडी, लिबलिबीत पेशी भरल्या होत्या. शरीराने हाडाऐवजी तिथे ते भरलं होतं. मित्र खरवडत राहिला, मग बारीक ड्रिलने घासत राहिला. नर्सला म्हणाला, पट्टा सोडा.

हाच क्षण महत्त्वाचा. पट्टा सुटल्यावर उपाशी तुकड्याच्या कापलेल्या पृष्ठभागावर रक्ताचे टिपके उमटतात का, ते बघायचं. उमटले तर साधं कलम पुरतं. नाहीतर रक्तवाहिनीसकट हाडाचा तुकडा आणून बसवावा लागतो. झायडेम्बर्गने 1991 मध्ये मनगटाजवळच्याच मोठ्या हाडातून वाहिनीसह तुकडा वळवून आणायची पद्धत मांडली, आणि आता गुडघ्याजवळूनही असा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली आणून जोडतात. आम्ही सगळे वाकून बघत होतो. अर्ध्या मिनिटाने दोन टिपके, मग आणखी. मित्राने मास्कमधून एवढंच म्हटलं, "झालं."

मग कमरेच्या हाडाच्या कडेतून छिन्नीने पाचरीसारखा तुकडा काढला. बाहेरून कडक, आतून मऊ. खचलेल्या कुबडात ती पाचर बसवली की हाडाची लांबी परत येते. पाचरीची कल्पना फिस्कची, 1970 ची. फर्नांडेझने 1984 मध्ये ती नीट मोजून बसवायला शिकवलं. त्याआधी बर्नच्या मात्तीने 1936 मध्ये हाड आतून पोकळ करून त्यात मऊ हाड भरलं होतं आणि व्हिएन्नाच्या रुसेने 1960 मध्ये तेच तळव्याच्या बाजूने केलं. पण हे सगळे दीर्घकाळ प्लास्टरवर अवलंबून. फरक पडला तो सिडनीच्या टिमोथी हर्बर्टच्या स्क्रूने, 1984. त्याला डोकं नाही, म्हणून तो कुर्चेखाली गाडता येतो. दोन्ही टोकांना आटे, पण त्यांच्यातलं अंतर वेगवेगळं. पिळत गेलं की एक टोक दुसऱ्यापेक्षा वेगाने पुढे सरकतं आणि तुकडे एकमेकांकडे खेचले जातात. आता मधून पोकळ स्क्रू मिळतो, आधी बारीक तार घालायची, एक्स-रेच्या पडद्यावर मधोमध आहे ना ते बघायचं, मग तारेवरून स्क्रू. तार दोनदा काढून पुन्हा घातली. तिसऱ्यांदा मित्र समाधानी झाला. मला पहिल्यांदाच ठीक वाटली होती.


26 नोव्हेंबर

मनगट दुखत नाही म्हणतो. कंबर दुखते. कलम काढल्याची जागा हाताहून जास्त त्रास देते, हे मी त्याला आधी सांगितलं होतं. तरी त्याला वाटतंय, हाताचं ऑपरेशन आणि कमरेचं बिल.


20 डिसेंबर

थंडी पडली. सिलतऱ्यावर सकाळी धुराचा थर खाली बसतो, सांकऱ्याकडून येताना मांढरच्या बाजूचं काही दिसत नाही. दवाखान्याच्या खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की काळं.

आज स्पंज आयर्नच्या शेडमधून एक पोरगा आला, पायऱ्यांवरून पडून तळव्यावर. खळग्यात दुखतं. फोटो साफ. मी तरी प्लास्टर लावलं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो सांगितला. तो नाराज. कंत्राटदाराचा सुपरवायझर त्याहून नाराज. फोटोत काही नाही तर प्लास्टर कशाला?

हाड तुटलेलं दिसलं तर प्लास्टर की ऑपरेशन, यावर इंग्लंड-वेल्समध्ये मोठा अभ्यास झाला. 31 रुग्णालयं, 439 रुग्ण. 2020 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. फारसं न सरकलेलं, कमरेत तुटलेलं स्कॅफॉइड सुरुवातीलाच स्क्रूने जोडायचं की प्लास्टर लावून बघायचं? वर्षाच्या शेवटी दुखणं आणि काम यांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणून सल्ला असा की आधी प्लास्टर. आणि जुळलं नाही असं दिसलं की लगेच स्क्रू.

तो "लगेच" माझ्या मनात अडकून बसलाय. त्यासाठी माणूस त्याच दवाखान्यात परत यायला हवा, सीटी वेळेवर व्हायला हवी, निकाल बघून कुणीतरी फोन करायला हवा. इथे प्लास्टर लावलेला माणूस दिवाळीला घरी जातो आणि ते कुठल्यातरी विहिरीवर दगडाने फोडून टाकतो. त्यामुळे प्लास्टर सोपा उपाय आणि ऑपरेशन अवघड उपाय, ही विभागणी मला सिलतऱ्यात पटत नाही. ऑपरेशन एका सकाळचं. प्लास्टरला मात्र दोन-अडीच महिने बिनमजुरीचा धीर लागतो, आणि तो धीर ईएसआयच्या पैशांवर उभा असतो. तो पुरवला तर सांडशीवाल्यांना कमरेचं हाड काढून द्यावं लागणार नाही.

ही काही माझी नवी कल्पना नाही. व्हिएन्नात लोरेन्झ ब्योलरने 1925 मध्ये कामगार अपघात विम्याच्या पैशांवर रुग्णालय काढलं. त्याने विमेवाल्यांना पटवलं होतं की तुटलेलं हाड नीट जोडणं हे आयुष्यभर पेन्शन देण्यापेक्षा स्वस्त पडतं. त्यांनी दया म्हणून पैसे दिले नाहीत, हिशेब म्हणून दिले. आमच्या व्यवस्थापकाला दयेपेक्षा हिशेब लवकर समजतो, त्याच्याशी मी याच भाषेत बोलणार आहे.


13 जानेवारी 2025

छेरछेरा. पोरं सकाळपासून टोपल्या घेऊन दारोदार धान मागत फिरतायत. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी सासूबाईंनी दोन डबे भरून ठेवले होते. माहेर नागपूरचं असूनही हा सण त्या कधीच चुकवत नाहीत.

सांडशीवाल्याचं प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, कातडी पांढुरकी. आता काढता-घालता येणारी पट्टी. बोटं हलवायची, मनगट नाही. त्याने खिशातून पुडी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली: गुडाखू, न उघडलेली. म्हणाला, रोज बघतो नि परत ठेवतो. मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला.

स्पंज आयर्नमधल्या त्या पोराचा दोन आठवड्यांचा फोटो आणि नंतरची तपासणी, दोन्ही साफ. नुसताच मुका मार होता. सुपरवायझर भेटला, काही बोलला नाही, पण त्याचं तोंड बोललं. अशी दहा प्लास्टरं फुकट गेली तरी चालतील.


24 फेब्रुवारी

सीटी. साध्या फोटोवर या हाडाच्या जुळण्याचा भरवसा ठेवता येत नाही, म्हणून कापांमध्ये हाडाचे पूल मोजायचे. निम्म्याहून जास्त रुंदीत पूल दिसले तर जुळलं असं धरतात. मित्राने एकेक काप मागे-पुढे केला. मधल्या भागात पक्कं, मागच्या कडेला अजून बारीक फट. पाचर आपल्या जागी. कुबड गेलं.

फिजिओथेरपी सुरू. मनगट मागे वळतंय, थोडं. लाटणं धरून बाजूला झुकवायचा व्यायाम घरी दिलाय. बायको लाटणं द्यायला तयार नाही म्हणाला, तेव्हा दांडका घ्यायला सांगितलं.


21 एप्रिल

पकड डाव्या हाताच्या तीन-चतुर्थांशाच्या वर गेली. दुखत नाही. मित्राच्या दृष्टीने यशस्वी केस, फाइल बंद.

माझ्याकडची फाइल बंद व्हायला तयार नाही. कामावर परत घ्यायच्या फॉर्मवर दोन चौकटी: फिट, अनफिट. तो वजनकाट्यावर फिट आहे, स्टोअरमध्ये फिट आहे. धगीसमोर बारा तास झटके खायला अजून नाही, आणि पुढेही नसावा असं माझं मत. दोन्ही चौकटी सोडून खाली मी चार ओळी लिहिल्या. कार्मिक विभागाने फॉर्म परत पाठवला, एकच खूण करा म्हणून. मी चार ओळींखाली सही करून तसाच पुन्हा पाठवला. व्यवस्थापकाला ब्योलरचा हिशेब सांगितला. तो म्हणाला, वजनकाट्यावर घेतो, पण मजुरी काट्याची, सांडशीची नाही.

सांडशीवाला माझ्यासमोर बसून म्हणाला, "हात तो बन गे मॅडम, पगार टूट गे." तो चिडलेला होता आणि त्याचं बरोबर होतं. कायमच्या अपंगत्वाचा दावा टिकवायला अपघाताची नोंद लागते, ती नाही. तरी पडल्याच्या दिवशीच्या त्या दवाखान्याची चिठ्ठी त्याच्या बायकोने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहे, तारखेसह, "गिरने से" असं लिहिलेली. त्या पाळीच्या हजेरीत त्याचं नाव आहे. दोन्हींच्या प्रती घेऊन गुरुवारी मी ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाणार आहे. त्यालाही सोबत बोलावलंय, काट्यावरची सुटी काढून.